आधी रस्ता बुडतो: शिरोळच्या पूरपट्ट्यातल्या एका घराचा प्रकरण अभ्यास

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात पूर लोंढ्यासारखा अंगावर येत नाही. तो तासाला दोन-तीन इंच चढतो आणि मळीतला (नदीकाठच्या सखल शेतातला) ऊस, मग परडं, मग गोठा असा गावात शिरतो. म्हणजे हा पूर चोवीस तास आधी कळतो. तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये याच तालुक्यातली माणसं गच्चीवर अडकली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, लष्कर आणि नौदलाच्या बोटी बोलवाव्या लागल्या आणि दावणीला बांधलेली जनावरं मोठ्या संख्येने बुडाली. इशारा मिळाला नव्हता असं म्हणता येत नाही. घरातल्यांनी पाणी मोजायची जागा चुकीची निवडली होती. बहुतेकांची नजर उंबऱ्यावर होती आणि गावाबाहेरची मोरी (रस्त्याचा ओढ्यावरचा ठेंगणा पूल) त्याच्या दीड-दोन दिवस आधीच पाण्याखाली गेली होती.

इथे त्या पट्ट्यातलं एक नमुन्याचं घर घेऊन हिशेब मांडला आहे. घर कुणा एकाचं नाही. परिस्थिती मात्र कृष्णाकाठच्या अकिवाट, बस्तवाड, राजापूर, खिद्रापूर या बाजूला नेहमी दिसणारी आहे.

पाणी येतं कुठून, थांबतं कशामुळे

शिरोळ हा चार नद्यांचा तालुका. कृष्णेला हरिपूरजवळ वारणा मिळते, नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते, आणि दक्षिणेच्या दत्तवाड बाजूने दूधगंगा जाते. या सगळ्या नद्यांचं पाणी महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, गगनबावडा या घाटमाथ्यावरचं. त्यामुळे शिरोळमध्ये ऊन पडलेलं असताना नदी फुगत असते. नव्याने राहायला आलेल्या माणसाला हे पटत नाही.

दुसरी गोष्ट उताराची. इथे जमीन इतकी सपाट आहे की कृष्णा भरलेली असली की पंचगंगेला पुढे वाट राहत नाही. तिचं पाणी मागे फुगतं आणि इचलकरंजी, रुईपर्यंत चढून बसतं. म्हणून इथला पूर दोन तासांत ओसरत नाही, आठ-दहा दिवस ठाण मांडतो. माळ्यावर चढून रात्र काढू हा बेत कोकणातल्या ओढ्याच्या पुराला कदाचित चालेल, इथे चालत नाही. माळ्यावर दहा दिवस काढायचे तर पाणी, शौच, औषध आणि मोबाईलची बॅटरी यांचं गणित दुसऱ्याच दिवशी कोसळतं.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात साठलेल्या पाण्याच्या फुगवट्यामुळे इथला पूर वाढतो का, हा वाद जुना आहे. २०१९ च्या पुराचा अभ्यास करायला राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल २०२० मध्ये आला, आणि अलमट्टीबद्दलचे तिचे निष्कर्ष अनेकांना आजही मान्य नाहीत. ज्याला उद्या सकाळी म्हशी हलवायच्या आहेत त्याच्या उपयोगाचं त्या वादात फारसं काही नाही. पाणी मागून आलं काय आणि पुढे अडलं काय, मोरी त्याच पातळीला बुडते.

२००५ ची खूण

२००५ चा महापूर या भागाच्या डोक्यात पक्का बसला होता. देवळाच्या खांबावर, शाळेच्या भिंतीवर, दुकानाच्या चौकटीवर रंगाने रेघा मारल्या होत्या. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ तेव्हा पाणी पावणेचोपन्न फुटांपर्यंत गेलं होतं. या पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. नवं घर बांधताना जोतं २००५ च्या रेघेच्या वर घ्यायचं, कपाट तिच्यावर दोन फूट ठेवायचं, हा शहाणपणा चौदा वर्षांत घराघरात रुजला.

२०१९ मध्ये आयर्विनला पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेलं, म्हणजे जवळपास पावणेचार फूट वर. ज्यांनी २००५ वर दोन फूट हात राखून सामान ठेवलं होतं त्यांचं सगळं गेलं, आणि तेही उशिरा, कारण त्यांनी हलायचा निर्णयच त्या रेघेवर टांगून ठेवला होता. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा पंचावन्न फुटांच्या जवळ पोचलं. चौदा वर्षांनी आलेल्या पुरानंतर पुढचा दोनच वर्षांत आला.

आता तीच गत २०१९ च्या रेघेची होऊ लागली आहे. तिला कमाल समजू नये. सामानाची फळी तिच्यावर किमान तीन फूट घ्यावी आणि घर सोडायच्या निर्णयाला ती रेघ लावूच नये. जलसंपदा विभागाची निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात. पण "शंभर वर्षांतून एकदा" म्हणजे एकदा येऊन गेला की शंभर वर्षं सुट्टी, असा त्याचा अर्थ नाही. दरवर्षी शंभरात एक शक्यता, एवढंच.

नमुन्याचं घर

घरात सहा माणसं: नवरा-बायको, शाळेत जाणारी दोन मुलं, सत्तरी ओलांडलेली आई (रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या चालू) आणि एक धाकटा भाऊ. दोन दुभत्या म्हशी, एक संकरित गाय, एक वासरू. पुढच्या दोन खोल्या स्लॅबच्या, मागचं स्वयंपाकघर आणि गोठा कच्च्या विटांचा, वर पत्रा. मळीत दीड एकर ऊस, नदीवर पाच हॉर्सपॉवरची मोटार. वाहन एक मोटारसायकल. गावातून बाहेर जाणारा डांबरी रस्ता ओढ्यावरच्या मोरीवर सगळ्यात खाली जातो. ती मोरी घराच्या उंबऱ्यापेक्षा सात फूट खाली धरू.

अशा घरात पुराचे दिवस साधारण ठरलेल्या क्रमाने जातात. पहिल्या दिवशी सगळं लक्ष नदीवरच्या मोटारीवर. ती काढून वर आणायची, पाणी चढलं की आणखी वर. खरं तर १५ जूनच्या आत मोटार, स्टार्टर आणि केबल घरी आणून ठेवली तर हा दिवस वाचतो. ऐन पुरात, ओल्या हाताने, चालू लाईनवर मोटार सोडवताना विजेच्या धक्क्याने माणसं मेली आहेत. दुसऱ्या दिवशी सामान माळ्यावर चढतं. या दिवशी घर गजबजलेलं असतं आणि आपण फार काही करतोय असं वाटतं. त्याच संध्याकाळी मोरीवर गुडघाभर पाणी आलेलं असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी "अजून अंगणातसुद्धा नाही" असं म्हणत चहा होतो आणि गावातून चाकाचं वाहन बाहेर जाणं बंद झालेलं असतं. इथून पुढे घराच्या हातात काही उरत नाही. बोट कधी येईल यावर सगळं अवलंबून. आणि बोटीत म्हैस घेत नाहीत.

माणसांचे जीवही या वाटेवर गेले आहेत. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेतलेली बोट उलटली. २ ऑगस्ट २०२४ ला शिरोळमध्येच अकिवाट-बस्तवाड रस्त्यावर पुराच्या पाण्यातून निघालेली ट्रॅक्टर-ट्रॉली उलटून माणसं वाहून गेली. दोन्ही वेळा माणसं गाव आणि सुरक्षित जागा यांच्यामधल्या पाण्यात होती. ट्रॅक्टर उंच असतो, वजनदार असतो, म्हणून जाईल, हा समज इथे घट्ट आहे. पण वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, ट्रॉलीला आडवी पडायला मोठी बाजू असते, आणि रस्त्याची कड पाण्याखाली दिसत नाही. एक चाक साइडपट्टीवरून घसरलं की पुढचं चालकाच्या हातात नसतं.

मोरीची पातळी घरात आणणं

पहिलं काम मे महिन्यातलं: आपला रस्ता नेमक्या कुठे आणि किती पातळीला बुडतो ते ठरवणं. यासाठी गवंड्याकडची पाण्याची नळी पुरते. दहा मिलिमीटर व्यासाची पारदर्शक नळी, वीस मीटर. एका टोकाने सावकाश पाणी भरायचं. मधे बुडबुडा राहिला तर माप खोटं येतं, म्हणून नळी सावलीत सरळ पसरून दोन मिनिटं झटकायची. दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत आहे का ते आधी बघायचं. मग शाळेच्या भिंतीवरच्या २०१९ च्या खुणेपासून वीस-वीस मीटरच्या टप्प्यांनी घरापर्यंत आणि घरापासून मोरीपर्यंत यायचं. प्रत्येक टप्प्याला थोडी चूक साचते. उलट फिरून मूळ खुणेवर परत आल्यावर फरक दीड-दोन इंचांपेक्षा जास्त निघाला तर पुन्हा मोजायचं. गावातली चार घरं मिळून हे एका सकाळी होतं. मोरी फार लांब असेल तर पाटबंधारे किंवा बांधकाम खात्याच्या माणसाला लेव्हल यंत्रावर एकदा मापून द्यायला ग्रामपंचायतीने सांगावं.

दुसरं काम: ही मोरी बुडते तेव्हा जवळच्या बंधाऱ्यावर किती फूट असतं ते लिहून ठेवणं. जिल्हा प्रशासन रोज राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, नृसिंहवाडी, राजापूर अशा ठिकाणच्या पातळ्या देतं. इथे मोठा घोळ होतो. प्रत्येक मोजपट्टीचा शून्य वेगळा. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट आणि आयर्विनची ४५, म्हणून सांगलीला दोन फूट जास्त पाणी, असला हिशेब चहाच्या टपरीवर सर्रास ऐकू येतो आणि त्याला काही अर्थ नसतो. घराने एकच मोजपट्टी पकडावी, कृष्णेच्या खालच्या अंगाला असाल तर राजापूर किंवा नृसिंहवाडी, आणि तिच्यावरच्या आकड्याशी आपल्या मोरीची गाठ घालावी. एका पावसाळ्यात नोंद ठेवली तरी पुरते. महापूर यायची वाट बघावी लागत नाही, कारण मोरी लहान पुरातही बुडते.

आता उलटा हिशेब. या घराला बाहेर पडायला लागणारा वेळ: पिकअप मिळून दारात यायला ३ तास, जनावरांच्या दोन खेपा ४ तास, आई-मुलं-सामान २ तास, अडचणीसाठी २ तास. एकूण ११. रात्री जनावरं चढवायची नाहीत, म्हणून हे सगळं उजेडात बसलं पाहिजे. म्हणजे प्रत्यक्षात निर्णय २४ तास आधी. पाणी तासाला ३ इंचांनी चढत असेल तर २४ तासांत ६ फूट होतात, १ इंचाने चढत असेल तर २ फूट. नेमका वेग आधी सांगता येत नाही, म्हणून निघायची खूण मोरी बुडायच्या पातळीच्या ६ फूट खाली. घराच्या उंबऱ्याच्या भाषेत सांगायचं तर पाणी अजून तेरा फूट खाली असताना घर सोडायचं. गावात हे हास्यास्पद वाटतं. दर तीन वेळांत दोनदा फुकट जाऊन यावं लागेल, हेही खरं. पिकअपचं भाडं आणि दोन दिवसांचं कमी निघालेलं दूध ही त्या फुकट फेरीची किंमत, आणि ती एका म्हशीच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

धरणांच्या बातम्यांतून दोनच गोष्टी उचलाव्यात. कोयनेचा विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट ते, सांगतात. ११,५७४ क्युसेक चोवीस तास चालले की १ टीएमसी (शंभर कोटी घनफूट) होतं, म्हणजे ५०,००० क्युसेक म्हणजे दिवसाला सव्वाचार टीएमसीच्या पुढे. कोयनेचं पाणी सांगलीला यायला साधारण दिवसभर लागतो, तेवढा अवधी हातात. राधानगरीचं वेगळं आहे. तिथले सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ठरावीक पातळीला आलं की आपसूक उघडतात, एका दरवाज्यातून १,४२८ क्युसेक. "किती दरवाजे उघडले" एवढंच विचारावं. कोयनेचा विसर्ग वाढला आणि राधानगरीचे दरवाजेही उघडे, असं एकाच दिवशी झालं तर पंचगंगेच्या फुगवट्याची वाट न बघता तयारी सुरू करावी.

जनावरं

या घराचं घड्याळ जनावरांवर चालतं. माणसं शेवटपर्यंत थांबतात ती बहुधा गोठ्यासाठी, म्हणून जनावरं आधी गेली की माणसं आपोआप निघतात. बचाव पथकांनी दारात येऊन कितीही सांगितलं तरी म्हस सोडून बाई बोटीत बसत नाही. तिचा रोजचा पैसा त्या दावणीला आहे, तिला हट्टी म्हणून हिणवण्यात अर्थ नाही.

बोलेरो पिकअपमध्ये मोठी जनावरं दोन आणि वासरू, यापेक्षा जास्त नको. ओला पत्रा घसरतो म्हणून तळाला पाचट किंवा पोत्यांवर वाळू. चढवायला गोठ्याजवळ मातीचा अडीच फुटी उतार मे महिन्यातच करून ठेवावा, नाहीतर ऐन वेळी चार माणसं म्हशीला उचलू बघतात आणि तिचा पाय मोडतो. वासरू आधी चढवावं, मागून त्याची आई येते. दावं आखूड बांधावं, पण गळ्याला गाठ सरकफासाची नको. पिकअपवाल्याशी जूनमध्येच बोलून ठेवावं. पुराच्या दिवशी एकाच गाडीला सगळं गाव फोन करतं आणि भाडं दुप्पट होतं. चार घरांनी मिळून एक गाडी आधीच ठरवली आणि फेऱ्यांचा क्रम लावला तर ही ओढाताण टळते.

वैरणीचं माप: नुसत्या कोरड्या वैरणीवर काढायचे दिवस म्हणून मोठ्या जनावराला दिवसाला ७ किलो कडबा, वासराला अडीच किलो. तीन मोठी आणि एक वासरू, दहा दिवस, म्हणजे २३५ किलो. पेंढी सव्वा किलोची धरली तर १९० पेंढ्या. एवढं गाडीत बसत नाही. दोन दिवसांचं, साधारण ४७ किलो, बरोबर न्यायचं आणि उरलेलं उंचावरच्या पाहुण्यांकडे मे-जूनमध्येच टाकायचं. साखर कारखान्यांच्या आवारात आणि जयसिंगपूर बाजूला छावण्या उघडतात, पण पहिल्या दोन दिवसांत तिथे वैरण पोचेलच असं नाही. पाणी मोठ्या जनावराला दिवसाला ४० ते ६० लिटर. छावणीत बऱ्याचदा नुसतं उसाचं वाडं (शेंड्याचा हिरवा पाला) मिळतं. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं आणि दुभती म्हस बसते. दिवसाला ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावं, तेवढं पुडकं औषधांच्या पिशवीत ठेवावं.

घटसर्प आणि फऱ्या या जनावरांच्या रोगांची लस पावसाळ्याआधी टोचलेली नसेल तर छावणी धोक्याची. भिजलेली, दमलेली, दाटीत बांधलेली म्हस घटसर्पाला बळी पडते आणि हा रोग एका-दोन दिवसांत जनावर नेतो. पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक १९६२.

जनावर न्यायला जमलंच नाही तर दावं कापून सोडा. म्हस उत्तम पोहते, बांधलेली मात्र बुडते. गोठ्याच्या खांबाला एक कोयता कायम अडकवलेला असावा, कारण ओली, ताणलेली गाठ हाताने सुटत नाही. शिंगावर ऑइलपेंटने मोबाईल नंबर लिहा. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याच्या बारा आकडी क्रमांकाचा फोटो फोनमध्ये ठेवा, नंतर मदत मागताना त्याशिवाय काम अडतं.

घर बंद करताना

मागची कच्च्या विटांची खोली पूर्ण रिकामी करायची. तिथला माळा कितीही उंच असला तरी भिंतच बसणार असेल तर उंचीचा उपयोग नाही. सगळं स्लॅबच्या खोलीत, २०१९ च्या खुणेवर तीन फूट. तेवढी उंची खोलीत नसेल तर गच्चीवर, ताडपत्रीखाली, दोरीने बांधून.

गॅसची टाकी रेग्युलेटर काढून, टोपी लावून खिडकीच्या गजाला साखळीने बांधायची. भरलेली घरगुती टाकी तीस किलोच्या आसपास असते आणि पाणी त्याहून जास्त बाजूला सारते, म्हणून भरलेलीही तरंगते. फ्रिजही तरंगतो. पाणी उतरताना तो दारात आडवा बसला की दार आतून अडतं. मेन स्विच बंद, मीटरशेजारचे फ्यूज काढलेले, इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या दोन्ही वायरी सुट्या करून बॅटरी वर. संडासाच्या भांड्यात गोणपाटात वाळू भरून बोळा दाबायचा, नाहीतर सेप्टिक टाकीतलं सगळं आधी तिथून वर येतं.

दाराला वाळूची पोती लावून पाणी बाहेर थांबवायचा मोह होतो. फूटभर पाण्याला ठीक. तीन फूट पाणी बाहेर आणि खोली कोरडी अशी स्थिती भिंतीला झेपत नाही, ती आत ढकलली जाते. दाराला कुलूप लावा, पण एक खिडकी उघडी ठेवून पाणी आत येऊ द्या.

चोरीच्या भीतीने "एक माणूस घर राखायला" थांबतो, आणि शेवटच्या बोटी अशाच माणसांसाठी जातात. दागिने आणि रोकड आधीच बँकेत किंवा पाहुण्यांकडे गेली असतील तर राखायला काही उरत नाही. तरी थांबायचंच असेल तर गावाने मिळून एका उंच पक्क्या इमारतीत चार तरुण ठेवावेत, प्रत्येक घरात एक नको. त्यांच्याकडे लाइफ जॅकेट हवं. नसेल तर झाकण घट्ट बसणारे पाच लिटरचे दोन रिकामे कॅन छातीला बांधले तरी पाण्याबाहेर तोंड राहतं. गुळाच्या काहिलीतून (रस उकळायच्या मोठ्या कढईतून) माणसं काढल्याचे प्रसंग इथे झाले आहेत, पण काहील गोल असते, तिला दिशा नसते आणि एका बाजूला वजन गेलं की ती भरते. साचलेल्या गल्लीत एकवेळ चालेल, वाहत्या पाण्यात नाही.

बरोबर न्यायची पिशवी लहान ठेवावी: आईच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि डॉक्टरची चिठ्ठी, आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा, मुलांचे दाखले, एक साधा बटणाचा फोन, पॉवर बँक, बॅटरी, काडेपेटी, साबण, सॅनिटरी पॅड, दोन दिवस पुरेल एवढं चिरमुरे-शेंगदाणे-गूळ, माणशी रोज चार लिटर प्यायचं पाणी. कागद प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, एकीत एक. ११२, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक कागदावरही लिहा. मोबाईलचे मनोरे डिझेल संपलं की बंद पडतात, तेव्हा फोनवर विसंबू नका.

पाणी उतरल्यावर

कच्च्या भिंती पाणी चढताना तग धरतात आणि उतरताना बसतात. पाणी असताना दोन्ही बाजूंचा दाब सारखा असतो. पाणी गेलं की भिजलेली माती स्वतःच्याच वजनाखाली सुटते. मागच्या खोलीत दोन-तीन दिवस पाय ठेवू नका. भिंत फुगलेली, तुळईजवळ ताजी भेग, चौकट तिरकी, यातलं एकही दिसलं तर बाहेरून खांब लावून गवंडी बोलवा.

गाळ मात्र ओला असतानाच काढायचा. पाणी जसं उतरेल तसं त्याच पाण्याने ढकलत नेला तर अर्ध्या दिवसात घर मोकळं होतं, वाळला तर कुदळ लागते. इथे पंचनाम्याशी भांडण येतं, कारण "पंचनामा होईपर्यंत हात लावू नका" असं कुणीतरी सांगतं आणि माणसं आठवडाभर गाळात बसतात. त्यापेक्षा प्रत्येक भिंतीवर पाण्याच्या खुणेला मापाची टेप धरून, तारीख आणि ठिकाण उमटेल असे फोटो काढा, खराब झालेल्या वस्तू अंगणात एका रांगेत लावून त्यांचाही फोटो काढा आणि साफसफाईला लागा. ती रास उचलायच्या आधी तलाठी किंवा ग्रामसेवकाला फोटो पाठवून ठेवा.

लाकडं, पत्रे, पाचट उचलताना काठीने आधी हलवा. नाग, मण्यार, घोणस कोरड्या जागेच्या शोधात माळ्यापर्यंत चढलेले असतात. गाळात काम करताना गुडघ्यापर्यंतचे बूट हवेत. पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, आरोग्य केंद्रात डॉक्सिसायक्लिन देतात, पण कुणाला किती ते तिथेच ठरू द्या. गरोदर बाई आणि लहान मुलांना ती गोळी परस्पर देऊ नये. फरशी धुवायला दहा लिटरच्या बादलीत ३०० ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, म्हणजे एक टक्क्याच्या आसपास द्रावण.

विहीर उपसल्याशिवाय औषध टाकण्यात अर्थ नाही. गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. उपसून, पुन्हा भरल्यावर पाणी मोजा. व्यास ४ मीटर आणि पाणी ५ मीटर असेल तर साधारण ६२,८०० लिटर होतात. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर पुरते, पुरानंतर दुप्पट धरून ३१५ ग्रॅम. पावडर बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं. तासाभराने ग्रामपंचायतीच्या माणसाकडून ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलं आहे का ते रंगावरून दाखवणारी) करून घ्यायची. पावडरचं पोतं वर्षभर उघडं पडलेलं असेल तर तिच्यात जोर राहिलेला नसतो, माप बरोबर असूनही चाचणीत रंग येत नाही. तोवर पाणी उकळूनच प्यावं.

उसाचं सांगायचं तर शेंडा पाण्यावर राहिला तर पीक बऱ्यापैकी वाचतं. पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत) गाळ बसून ऊस कित्येक दिवस बुडालेला राहिला तर आशा नको.

पैशाची बाजू

केंद्राच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांनुसार दुभत्या मोठ्या जनावराला ३७,५०० रुपये, वासराला २०,००० रुपये, सपाट भागातलं घर पूर्ण पडलं तर १,२०,००० रुपये, कपड्यांना आणि भांड्यांना कुटुंबामागे प्रत्येकी २,५०० रुपये. बागायती पिकाला हेक्टरी १७,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत. राज्य सरकार वेळोवेळी यात भर घालतं, पण तयारीचा हिशेब या आकड्यांवरच करावा. चांगल्या दुभत्या म्हशीची बाजारातली किंमत यात निम्मीही भरून येत नाही. वर सांगितलेल्या फुकट फेरीचं भाडं या आकड्यांशेजारी ठेवून बघा. पक्क्या घराला "भारत गृह रक्षा" नावाची विमा पॉलिसी मिळते, तिच्यात पूर धरलेला असतो आणि घरातल्या सामानालाही इमारतीच्या विमा रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत संरक्षण आपोआप मिळतं. गावाकडे ती फारशी कुणी घेत नाही. स्लॅबच्या दोन खोल्यांसाठी ती विचारून पाहण्यासारखी आहे.

रक्कम थेट खात्यावर येते, म्हणून पासबुक आणि आधारची जोडणी पावसाळ्याआधी तपासा. पिकाच्या मदतीसाठी यादीत विशिष्ट क्रमांक येतो, तो घेऊन आपले सरकार केंद्रात अंगठा द्यावा लागू शकतो. आईच्या नावावर जमीन असेल आणि तिचे ठसे उमटत नसतील तर हे काम महिनोन्‌महिने लटकतं. जमीन तीन भावांच्या सामाईक सातबाऱ्यावर असेल तर बाकीच्यांचं संमतीपत्र मागतात. ते मे महिन्यात, सगळे बोलत असताना करून ठेवावं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाचं घराच्या पंचनाम्यात नावच येत नाही, ते मालकाचं येतं. पण कपडे-भांडी भाडेकरूची गेलेली असतात आणि त्या मदतीवर हक्क त्यांचा आहे. रेशनकार्ड दुसऱ्या गावचं असेल तर ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला आणि वीजबिल किंवा भाडेपावती जूनमध्येच काढून पिशवीत टाकावी, कारण पुरानंतरच्या रांगेत तो दाखला देणारं दप्तरच बऱ्याचदा भिजलेलं असतं.